सुधन्वा सरांची कबुली

कॅमेऱ्यासमोर बोलायला कुणी पुढे होईना, तेव्हा सुधन्वा खांबेटे पुढे झाला.

ऑक्टोबरातला रविवार होता. गाझियाबादमधल्या काही खाजगी शाळांचे शिक्षक वसुंधरातल्या एका पार्कात जमले होते. हातात फलक होते, पण घोषणा फारशा नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना 'शांत बसा' म्हणणाऱ्या माणसांना घोषणा देणं जमत नव्हतं. एका हिंदी वृत्तवाहिनीची मुलगी माइक घेऊन आली, तशी बऱ्याच जणांनी तोंडावरचे मास्क वर ओढले. काही जण पाण्याच्या बाटल्या शोधायला गेले. सुधन्वानं मास्क काढला. नाव सांगितलं, गणित शिकवतो म्हणून सांगितलं आणि शाळेचंही नाव सांगितलं. मग शाळेतल्या फळ्यापाशी बोलावं तशा आवाजात, हिंदीत, त्यानं सांगितलं की पगार पूर्ण खात्यात जमा होतो. आठवड्याभरात त्यातला तिसरा हिस्सा शिक्षक बँकेतून काढतात, पाकिटात घालतात आणि शाळेच्या अकाउंट्स रूममध्ये परत नेऊन देतात. कागदावर सगळं नियमाप्रमाणे असतं.

"और अगर कोई न दे तो?" मुलीनं विचारलं.

"तो अगले साल टाइम-टेबल में उसका नाम नहीं होता."

देवयानी गुप्तेनं हे संध्याकाळी फोनवर पाहिलं. ती त्याच शाळेची उपप्राचार्य होती. बातमी पाहताना तिला आधी भीती वाटली आणि मग लाज. उपप्राचार्य झाल्यापासून तिचं स्वतःचं पाकीट बंद झालं होतं. त्याबद्दल ती स्टाफरूममध्ये कधी बोलली नव्हती.

शाळेत मराठी बोलणारी ही दोघंच. देवयानीचं लहानपण दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं होतं. वडील मंत्रालयात होते. सुधन्वाचे वडील रेल्वेत होते आणि तो पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकला होता, त्यामुळे त्याचं मराठी तिच्यापेक्षा पुष्कळच चांगलं होतं. "बिल्कुल हिसाब लागत नाहीये," असं ती म्हणाली की तो म्हणायचा, "हिशेब, ताई. हिसाब नाही." जिन्यात, मैदानाच्या कडेला, बस ड्यूटीवर दोघं मराठीत बोलत. आजूबाजूला कुणाला कळत नसे, म्हणून मनातलं बोलता येई. असं बोलता बोलता तेरा-चौदा वर्षं गेली होती. त्याची मुलगी अपूर्वा याच शाळेत बारावीला होती, शिक्षकांच्या मुलांना मिळणाऱ्या फीसवलतीवर.

सुरुवातीला लोक सुधन्वाच्या बाजूचे होते. देवयानीच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक विचारू लागले, आम्ही एवढी फी भरतो ती जाते कुठे? मग कुणीतरी लिहिलं की शिक्षकांचे पगार वाढले तर आपलीच फी वाढणार. त्यानंतर सूर बदलत गेला. यांना उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, दुपारी अडीचला घरी, वर ट्यूशनची कमाई. वाहिनीवर रोज चर्चा होत होती. एक निवृत्त अधिकारी, एक पालक संघटनेच्या बाई आणि एक मोटिव्हेशनल स्पीकर, अशी तिघं चौकटींमध्ये बसून शिक्षकांची गुणवत्ता ठरवत होती. लिफ्टमध्ये एक गृहस्थ देवयानीला म्हणाले, "मॅम, आप लोग कम से कम छाँव में तो बैठते हो."

ती कसनुसं हसली. त्या आठवड्यात तिच्या शिक्षकांना सकाळ-संध्याकाळ बस ड्यूटी होती, रजेवर गेलेल्यांच्या तासिका होत्या, आणि पुढच्या वर्षासाठी घरोघर फिरून प्रत्येकानं नवीन ॲडमिशन आणायचं टार्गेट होतं. हे सगळं लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत सांगता येण्यासारखं नव्हतं.

शाळेचे चेअरमन भाटिया मात्र काहीच बोलले नाहीत. त्यांनी सुधन्वाला बोलावलं नाही, नोटीस दिली नाही. जिन्यात भेटले तर त्याला नमस्ते करत. सुधन्वा म्हणाला, "ताई, हे गप्प आहेत त्याची मला जास्त काळजी वाटते."

नोव्हेंबरात धुरक्यानं हवा बिघडली आणि शाळा ऑनलाइन झाल्या. त्याच आठवड्यात तो व्हिडिओ आला.

त्यात आवाज नव्हता. नववीचा वर्ग, खच्चून भरलेला. सुधन्वा बाकांच्या मधून येतो, एका मुलापाशी थांबतो. मुलगा उठून, मान वर करून काहीतरी म्हणतो. बाकीची मुलं हसताना दिसतात. आणि सुधन्वा त्याच्या थोबाडीत मारतो. मुलगा गालावर हात ठेवून खाली बसतो. एवढंच. वाहिनीनं ते पुन्हा पुन्हा दाखवलं, थप्पड संथ करून दाखवली. खाली पट्टी होती: 'वेतन चाहिए पूरा, और बच्चों को थप्पड़?'

देवयानीला ते दृश्य नवीन नव्हतं. जुलैत, घडलं त्याच दिवशी, सुधन्वा तिच्या केबिनमध्ये आला होता. उभाच राहिला होता. "ताई, आज मी मुलाला मारलं," असं म्हणाला होता. मुलगा हर्षित त्यागी. सलग सहावी तासिका होती, वर्गातले दोन्ही पंखे बंद पडले होते. हर्षितला गणित सोडवायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, सर, आपको तो हमारे ड्रायव्हर से भी कम मिलता है, आप मुझे क्या सिखाओगे.

"खोटं नाही बोलला तो," सुधन्वा म्हणाला होता. "म्हणूनच हात उठला बहुतेक. पण तो पंधरा वर्षांचा आहे आणि मी अठ्ठेचाळीसचा. मी काय करू सांगा."

देवयानीनं हर्षितच्या आईला बोलावून घेतलं होतं. सुधन्वानं आईची आणि मुलाची, दोघांचीही माफी मागितली. आई म्हणाली, घरी बोलते मी याच्याशी. प्रकरण तिथं मिटलं. देवयानीनं ते कुठं नोंदवलं नाही. नोंदवलं असतं तर सुधन्वाच्या फाइलला कायमचा डाग लागला असता, आणि इतका चांगला शिक्षक तिला दुसरा माहीत नव्हता.

आता फोनवर ती थप्पड पाहताना तिच्या लक्षात आलं की हे दृश्य फळ्याच्या वरून दिसतंय. कुणा मुलानं मोबाइलवर घेतलेलं नाही. वर्गातल्या कॅमेऱ्यातलं आहे. ते रेकॉर्डिंग ज्या खोलीत असतं तिची किल्ली भाटियांकडे असते.

दोनच दिवसांनी भाटियांनी तिला बोलावलं. मुलं नसलेली शाळा दवाखान्यासारखी वाटत होती. त्यांच्या केबिनमध्ये हवा शुद्ध करणारं यंत्र घरघरत होतं. भाटियांनी तिच्यासाठी चहा मागवला.

"देवयानीजी, मुझे खांबेटे सर की नौकरी नहीं लेनी," ते म्हणाले. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा तोंडावर होत्या, गणिताचा दुसरा शिक्षक आणायचा कुठून? पण पालक संतापले होते, काहीतरी केलेलं दिसायला हवं. चौकशी समिती नेमू, तुम्ही अध्यक्ष व्हा. त्यांनी चूक कबूल करावी, लेखी माफी द्यावी, आपण ताकीद देऊ आणि विषय संपवू. ते हे इतक्या आपुलकीनं बोलले की देवयानीच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

ती उठली तेव्हा ते म्हणाले, "वैसे, जुलाई में आपको पता था न? आपने रिपोर्ट नहीं किया." मग लगेच हात हलवून म्हणाले, "कोई बात नहीं. होता है."

सुधन्वा त्या दिवशी ऑनलाइन तास घ्यायला शाळेतच आला होता, कारण घरी अपूर्वाचेही तास चालू असत. देवयानी त्याला गणिताच्या खोलीत जाऊन भेटली. त्यानं लॅपटॉप मिटला. त्याचे डोळे लाल झाले होते, हवेनं किंवा जागरणानं.

"आमच्या शिक्षकांच्या ग्रुपमधल्या वकिलांनी सांगितलंय, आधी एकच प्रश्न विचारायचा," तो म्हणाला. "शाळेच्या कॅमेऱ्याचं फुटेज बाहेर कसं गेलं? मुलाचा चेहरा सगळ्या देशाला दाखवला यांनी. त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी एक शब्द बोलायचा नाही."

"आणि मग काय होईल? केस चालेल. किती वर्षं?"

"चालू दे."

"अपूर्वाची बोर्डाची परीक्षा आहे मार्चमध्ये."

त्यानं लॅपटॉप उघडला आणि पुन्हा मिटला.

"सुधन्वा, तू मारलंस ना?"

"मारलं. मी कधी नाही म्हटलं?"

"मग तेच म्हण. जे घडलं ते सांग, माफी माग. ते वॉर्निंग देतील, बस. मला त्यांनी शब्द दिलाय."

"भाटियांनी?"

"हो."

"आणि तुमचा विश्वास बसला?"

विश्वास बसला होता की तो बसवून घेतला होता, हे तिला त्या वेळी तपासायचं नव्हतं. "समितीची अध्यक्ष मी आहे," ती म्हणाली. "अहवाल मी लिहिणार आहे. माझ्यावर तर विश्वास आहे ना?"

सुधन्वा खिडकीकडे पाहत राहिला. बाहेर समोरच्या इमारतीसुद्धा धड दिसत नव्हत्या. "तुम्ही मराठीत सांगताय म्हणून ऐकतो," असं म्हणून तो थोडा हसला. "नाहीतर मी ऐकणार नव्हतो."

चौकशी पुढच्या सोमवारी झाली, कॉन्फरन्स रूममध्ये. टेबलाच्या एका बाजूला देवयानी, पालकांचे एक प्रतिनिधी आणि शाळेचे वकील बसले होते. वकील समितीत असतील हे देवयानीला आत गेल्यावर कळलं. सुधन्वा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याला खुर्ची दिली ती टेबलापासून लांब, खोलीच्या मधोमध.

त्यानं सगळं सांगितलं. तारीख, तासिका, मुलाचं नाव. "मी त्याला मारलं. ती माझी चूक होती. त्या दिवशीही मी माफी मागितली होती, आजही मागतो."

वकिलांनी विचारलं, मुलगा काय बोलला होता?

देवयानीनं त्याच्याकडे पाहिलं. ते वाक्य ऐकलं तर पालकांच्या प्रतिनिधीचंही मन वळेल असं तिला वाटत होतं. पण सुधन्वानं मान हलवली. "तो काय बोलला याला महत्त्व नाही. काहीही बोलला असता तरी मी मारायला नको होतं."

वकिलांनी ते लिहून घेतलं. मग अगदी सहज, पान उलटता उलटता त्यांनी विचारलं, "इससे पहले कभी हाथ उठाया है? पूरे करियर में?"

हा प्रश्न या चौकशीत बसत नव्हता. अध्यक्ष म्हणून देवयानीनं तिथंच थांबवायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही, पण पालकांचे प्रतिनिधी म्हणाले, "हाँ, ये जानना ज़रूरी है," आणि ती गप्प बसली.

सुधन्वानं थोडा वेळ विचार केला. तो खरंच आठवत होता. "एकदा," तो म्हणाला. "नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या शाळेत. एका मुलाच्या हातावर पट्टी मारली होती."

कुणी विचारलं नसतं तर ते जगात कुणाला कळण्याची शक्यता नव्हती.

हर्षितची आई बाहेर थांबली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली होती. आत आल्यावर ती उभ्याउभ्याच बोलली. सरांनी तेव्हाच माफी मागितली होती. मुलानंही मागितली होती. नंतर सर त्याला मधल्या सुट्टीत बसवून शिकवत होते, तो पहिल्यांदा गणितात पास झाला. टीव्हीवर त्याचा चेहरा दिसल्यापासून तो घराबाहेर पडत नाही, त्याला मित्र चिडवतात. "मेरे बेटे को थप्पड़ से इतना नहीं लगा जितना आप लोगों के वीडियो से लगा है," ती म्हणाली. तिला सरांची नोकरी घालवायची नव्हती.

वकील नम्रपणे म्हणाले, "मॅडम, अब ये सिर्फ़ आपके बेटे का मामला नहीं रहा."

देवयानीनं त्याच दिवशी घरी बसून अहवाल लिहिला. लेखी ताकीद द्यावी, शिक्षकांवरच्या तासिकांचा भार कमी करावा, वर्गातली मुलं कमी करावीत, असं तिनं सुचवलं. लिहिताना तिला बरं वाटत होतं. आपण काहीतरी वाचवलं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी भाटियांनी तिला बोलावून जो अहवाल पुढे ठेवला तो तिचा नव्हता. त्यात तासिका नव्हत्या, पंखे नव्हते, हर्षितची आई नव्हती. सुधन्वाची कबुली होती, शब्दन् शब्द. 'वारंवार शारीरिक शिक्षा करण्याची प्रवृत्ती' असं इंग्रजीत लिहिलं होतं, आणि शेवटी शिफारस होती, तत्काळ सेवासमाप्तीची.

"सर, आपने तो मुझसे कहा था..." ती बोलायला गेली.

"मैंने कहा था, अगर एक बार की बात होती. उन्होंने खुद कहा दो बार." भाटियांचा आवाज अजूनही आपुलकीचाच होता. "और देखिए, इसमें आपका नाम मैंने नहीं आने दिया. जुलाई वाली बात. बाल आयोग पूछेगा तो सबसे पहले आप से पूछेगा कि छुपाया क्यों."

तिनं थोडा वेळ मागून घेतला. बाहेर व्हरांड्यात येऊन उन्मेषला, नवऱ्याला, फोन लावला. तो आपल्या ऑफिसात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, तू सही केली नाहीस तर त्याची नोकरी वाचणार आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग? दोघांच्या जाण्यात काय मतलब आहे? आपल्या मानसचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे. देवयानी, प्रॅक्टिकल हो यार."

त्याचं म्हणणं चूक आहे असं तिला सिद्ध करता येईना. ती आत गेली आणि तिनं सही केली. पेन भाटियांचं होतं. सही नेहमीसारखीच आली, हात थरथरला वगैरे नाही. याचंच तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

संध्याकाळी वाहिनीवर बातमी आली. शाळेनं कडक पाऊल उचललं म्हणून चर्चेतल्या बाईंनी कौतुक केलं. पाकिटांचा विषय कुणी काढला नाही. पार्कात जमलेल्या शिक्षकांपैकी देवयानीच्या शाळेतल्या प्रत्येकानं त्या आठवड्यात अकाउंट्स रूममध्ये जाऊन लिहून दिलं की आपल्याला पूर्ण वेतन मिळतं आणि आपली काही तक्रार नाही. सुधन्वाच्या ग्रुपमधले वकील फोनवर त्याला म्हणाले, तुम्हीच कबूल केलंत, आता मी काय लढू?

सुधन्वानं देवयानीला फोन केला नाही. मेसेजही केला नाही. तिनं दोनदा लावला, त्यानं उचलला नाही.

फीसवलत शिक्षकांच्या मुलांना होती, आणि अपूर्वाचे वडील आता शिक्षक नव्हते. बोर्डाचे अर्ज शाळेतूनच भरलेले असल्यामुळे तिला दुसरीकडे हलवता येत नव्हतं. डिसेंबरात शाळा उघडल्यावर सुधन्वाची बायको सुरुची फी भरायला आली. ती घरी गाण्याचे वर्ग घ्यायची. देवयानीकडे ती पूर्वी संक्रांतीला हळदीकुंकवाला येत असे. ऑफिसच्या खिडकीपाशी ती उभी होती, हातात पिशवी. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. त्याचं काय झालं हे देवयानीनं विचारलं नाही.

"सुरुची, आत ये. चहा घे."

"नको." सुरुचीनं पावती पिशवीत ठेवली. "ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. म्हणतात, ताईंचा नाइलाज असेल. तुम्हाला हे सांगायचं नव्हतं मला, पण तुम्ही आत ये म्हणालात म्हणून सांगते. मला तुमच्याकडे चहा घ्यायचा नाही."

"मी खूप प्रयत्न केला गं."

"तुम्ही प्रयत्न केला नसतात तर बरं झालं असतं," सुरुची म्हणाली. "ते गप्प बसणार होते. वकिलांनी सांगितलं होतं तसंच करणार होते. तुम्ही बोलायला लावलंत."

ती गेली. खिडकीमागचा क्लार्क मराठी समजत नसूनही मान खाली घालून बसला होता.

अपूर्वा वर्गात एकटी बसायला लागली. ती शिक्षकांशी बोलताना नजर वर करत नसे. मुलांनी तिच्या बापाच्या थप्पडीची चित्रं करून एकमेकांना पाठवली होती. देवयानीनं ती पाठवणाऱ्या दोघांना बोलावून झापलं, तर त्यांचे पालक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले की मुलांवर मानसिक दबाव आणला जातोय. भाटियांनी तिला जरा सांभाळून घ्यायला सांगितलं. पूर्वपरीक्षेत अपूर्वा गणितात पहिल्यांदाच नापास झाली. उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी होती.

फेब्रुवारीत देवयानी न कळवता सुधन्वाच्या घरी गेली. दार त्यानंच उघडलं. तो बारीक झाला होता, दाढी वाढली होती. "या," तो म्हणाला, जसा नेहमी म्हणायचा तसाच. घरात सुरुची नव्हती. अपूर्वा आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही. टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

नोएडातल्या एका शिकवणीच्या ॲपसाठी तो गणितं सोडवून पाठवत असे. कॅमेऱ्यासमोर एक तरुण मुलगा येऊन ती गणितं शिकवी. सुधन्वाचं नाव कुठं येत नसे. शाळा त्याला घेत नव्हत्या. नाव टाकलं की तो व्हिडिओ आधी दिसायचा. सोसायटीतल्या शिकवण्याही सुटल्या होत्या. एक आई म्हणाली होती, सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण याच्या पप्पांना भीती वाटते.

त्यानं चहा केला. देवयानी कप हातात धरून बसली. ती जे बोलायला आली होती ते वाटेत तिनं कितीदा तरी जुळवलं होतं.

"सुधन्वा, मी सही केली. मी करायला नको होती."

"असू दे."

"असू दे कसं? मी तुला शब्द दिला होता."

"तुम्हाला पण कुणीतरी दिला होता." तो जमिनीकडे पाहत बोलत होता. "मी खूप विचार केला ताई. तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. मला उत्तर नाही आलं. म्हणून रागावता येत नाही."

आपण रडू की काय असं तिला वाटलं, पण रडूही येईना.

"एक गोष्ट मात्र झाली," तो म्हणाला. "मी वर्गात मुलांना नेहमी सांगायचो, उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या खऱ्या लिहा. कुठं चुकलं ते लपवू नका. वीस-बावीस वर्षं सांगितलं. परवा अपूर्वा म्हणाली, बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर? आवाज नव्हताच व्हिडिओला, तुम्ही म्हणायचं होतं की धक्का लागला. मी तिला काय सांगायला हवं होतं, सांगा."

देवयानीनं कप टेबलावर ठेवला.

"मी तिला म्हटलं, हो. तसं म्हणायला हवं होतं. यापुढे मला कुणी विचारलं की मारलंस का, तर मी नाही म्हणेन. बापाकडून पोरगी हेच शिकली आता."

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहुधा अपूर्वा ऐकत होती. सुधन्वानं तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही आता निघा. सुरुची येईल, तिला उगाच त्रास होईल."

देवयानी जिना उतरून खाली आली. रिक्षा मिळायला वेळ लागला. ती रस्त्याच्या कडेला उभी होती तेव्हा उन्मेषचा फोन आला, येताना दही आण म्हणून. ती बरं म्हणाली.

एप्रिलमध्ये जुने प्राचार्य निवृत्त झाले आणि भाटियांनी देवयानीला प्राचार्य केलं. नवं सत्र सुरू झालं. पाकिटं चालूच राहिली, फक्त आता सगळ्यांनी एकाच आठवड्यात नेण्याऐवजी प्रत्येकानं ती वेगवेगळ्या दिवशी नेऊन द्यायची असं ठरलं. पंखे दुरुस्त झाले होते. नववीच्या वर्गात आणखी एक बाकांची रांग घातली गेली होती. हर्षित त्यागी दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेला होता. अपूर्वाचा निकाल लागायचा होता, आणि देवयानीला तो बघायची भीती वाटत होती.

सुधन्वाच्या जागी मेरठहून एक तरुण मुलगी आली. सावळी, बारीक अंगाची. तिची पहिलीच नोकरी होती. मुलाखत आणि वर्गावरचा नमुन्याचा तास झाल्यावर नेमणुकीचा कागद घेताना तिनं हसून विचारलं, "मॅम, मुझसे पहले जो सर थे, बच्चे उनका बहुत नाम लेते हैं. वो क्यों चले गए?"

देवयानीनं समोरची फाइल बंद केली.

"पर्सनल रीज़न था," ती म्हणाली. "आप कल से जॉइन कर लीजिए."